नवी चिप आणि मुरगूडचा रस्ता

आधीच सांगतो, मी गाण्यातला माणूस नव्हे. राग ओळखता येत नाही, ताल कळत नाही, आणि मी गुणगुणायला लागलो की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. मला नाद आहे तो आवाजाचा. गाणं कुठलंही असो, ते स्वच्छ वाजलं पाहिजे. तबल्यावर बोट पडलं तर बोट पडल्यासारखं वाटलं पाहिजे, पत्र्यावर चिंचा पडल्यासारखं नको. एवढ्यासाठी आजवर किती रविवार घालवले ते विचारू नका, घरातही कुणी विचारायचं सोडून दिलंय.

नोकरी जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट खात्यात. वाफेचा दाब किती, रस किती तापलाय, टाकी किती भरलीय हे दाखवणारे जे काटे असतात, ते खरं बोलतात की नाही हे बघत राहायचं, हे माझं काम. त्यामुळं सोल्डरिंगची सवय हाताला लग्नाच्या आधीपासूनची. घरातली गाण्याची यंत्रणाही मी स्वतःच बनवली. हाताच्या तळव्याएवढा एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला एक बोर्ड, पुढं ॲम्प्लिफायर, आणि हे सगळं ज्या स्टीलच्या डब्यात बसवलंय त्यात आधी दिवाळीच्या चकल्या असायच्या. डबा मागितला तेव्हा बायको म्हणाली, "न्या. चकल्या तरी कोण खातंय आता."

या सगळ्याचा जीव असतो त्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये. कॉम्प्युटरमध्ये गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचं परत गाणं करायचं काम ही चिप करते. नखापेक्षा लहान, पण ती घसरली तर पुढचं सगळं घसरलं. माझी जुनी चिप वाईट नव्हती, पण डाव्या बाजूचा आवाज थोडा उजवीकडं सांडायचा आणि उजवीकडचा डावीकडं. नव्या चिपमध्ये म्हणे दोन्ही अगदी वेगवेगळे राहतात. म्हणे म्हणजे, इंटरनेटवरचे माझ्यासारखेच चार येडे म्हणतात. मी लगेच मागवली.

यंत्र तपासायला माझ्याकडं एक ठरलेलं रेकॉर्डिंग आहे, आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या भजनाचं, मीच केलेलं. त्यातल्या एक बाई फार गोड गातात. एक माइक त्यांच्या पुढ्यात लावला आणि दुसरा तबल्यापाशी. दोन्ही आवाज अजिबात मिसळू नयेत म्हणून तबलेवाल्याला मी शेजारच्या खोलीत बसवून दार लावून घेतलं होतं, त्यावरून तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण रेकॉर्डिंग नामी झालं. हेडफोन लावला की डाव्या कानात नुसत्या बाई आणि उजव्या कानात नुसता तबला. ऐकायला ते तितकंसं बरं वाटत नाही, पण यंत्राची परीक्षा घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

त्या रविवारी जेवण झाल्या झाल्या मी कामाला बसलो. जुनी चिप गरम हवेनं सोडवली, जागा पुसली, भिंग लावून नवी बसवली, एकेक पायाला टाका दिला. नव्या चिपचे डाव्या-उजव्या आवाजाचे पाय जुन्यापेक्षा उलटे आहेत हे मी आदल्या दिवशी वाचलं होतं. वाचलं होतं, तरी वायरी जोडताना हात सवयीनं जुन्या जागी गेला. चालू करून ऐकतोय तर बाई उजवीकडं आणि तबला डावीकडं. पण काय आवाज होता. बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतात तोसुद्धा वेगळा कळत होता. मी म्हटलं, वायरी चहा झाल्यावर बदलू. डावं-उजवं झालं म्हणून काय कुणाचं अडतंय.

आणि बायकोला हाक मारली.

ती मागच्या दारात शेंगा फोडत बसली होती. दोन हाका मारल्या, आली नाही. हे काही नवीन नव्हतं. माझी आई हयात होती तेव्हा म्हणायची, माहेरचा, मुरगूडचा ताठा हाय, हाक मारली तर ओ द्यायला कमीपणा वाटतो. मी उठून गेलो, समोर उभा राहिलो, तेव्हा शेंगांचं सूप घेऊनच ती आत आली. खुर्चीत बसवलं, लेकीनं वाढदिवसाला दिलेला हेडफोन डोक्यावर चढवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

यापूर्वी तिनं ते कितीतरी वेळा ऐकलेलं. मी काही नवं बसवलं की पहिली परीक्षक तीच. दरवेळी थोडं ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायची, "गोड गात्यात बाई." मग उठून जायची. या वेळी उठलीच नाही. एक शेंग फोडली, दुसरी फोडली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई कवा सुरू हुणार?"

"सुरू हाईत की."

"न्हाय. नुसता तबला वाजतोय. गाणारी गप्पच हाय की."

मला वाटलं, चेष्टा करतीय. हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. बाई गात होत्या. तिला परत दिला. म्हणाली, "न्हाय ओ. तबलाच हाय." आता माझं डोकं तापायला लागलं, बायकोवर नव्हे, चिपवर. म्हटलं, एखादा टाका कोरडा राहिला असणार, वायर हलली की आवाज जातोय. डबा उघडला, शंका होती तो पाय परत तापवला, फुंकर घातली, वायर ओढून बघितली. पुन्हा तिच्या डोक्यावर हेडफोन. पुन्हा तेच. ती बिचारी मला मदत होईल म्हणून अगदी मन लावून ऐकत होती आणि दरवेळी मान हलवून नाही म्हणत होती.

आमच्या खात्यात एक साधी रीत आहे. काटा चुकीचं दाखवतोय असं वाटलं तर त्याला शिव्या देत बसायचं नाही. शेजारचा काटा काढून इथं लावायचा आणि इथला तिथं. मग बघायचं, चूक काट्याबरोबर तिकडं गेली की इथंच राहिली. बरोबर गेली तर काटा खराब. इथंच राहिली तर काटा खरं बोलत होता, खराबी पायपात आहे. ही रीत मी नव्या पोरांना शिकवत आलोय. तीच वापरली. तिच्या डोक्यावरचा हेडफोन उचलला आणि उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर.

"आता?"

"आता गात्यात की," ती हसून म्हणाली. "गोड गात्यात."

"आणि तबला?"

तिनं नीट ऐकलं. "तबला थांबला."

मी तिथंच उभा राहिलो. हेडफोन फिरला होता, पण चूक फिरली नव्हती. ती उजवीकडं होती, उजवीकडंच राहिली. आणि उजवीकडं आता हेडफोनची वाटी दुसरी होती, वायर दुसरी होती, आवाजही दुसरा होता. तेच राहिलेलं होतं ते फक्त एक. मी हेडफोन काढून घेतला, तिच्या उजव्या बाजूला गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "अगं." ती शेंग फोडत होती. परत म्हणालो. तिनं दाणे सुपात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

इतक्या जवळ उभा होतो मी की तिच्या केसातली पांढरी बट मोजता आली असती. मग तिला माझी चाहूल लागली, वळली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं ओ?"

"उजव्या कानानं ऐकू येत न्हाय तुला?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, "कुणी सांगितलं?"

कान दुखतोय का, दडे बसलेत का, असलं काही ती म्हणाली असती तर मी गाडी काढून दवाखान्यात नेलं असतं. पण ती म्हणाली, कुणी सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते तिला माहीत होतं. मला खरं तर राग आला. मुलगी शिकून नोकरीला लागली, एवढ्या वर्षांचा संसार झाला, आणि जिच्या शेजारी मी रोज झोपतो तिचा एक कान बंद आहे हे मला एका चिपच्या चुकलेल्या वायरीवरून कळतंय. मी म्हणालो, "कधीपासनं?"

"ल्हानपणापासनं," ती म्हणाली. "गालफुगी झालती. ताप उतरला आणि ह्यो कान गेला. एकच गेला. दुसरा चांगला हाय की."

तिच्या आईनं तेव्हाच सांगून ठेवलेलं, लग्न होईपर्यंत हा शब्द तोंडातनं काढायचा नाही. मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा आमची सगळी मंडळी सतरंजीवर एका बाजूला बसवली होती आणि तिचा पाट दुसऱ्या टोकाला होता, हे मला आठवत होतं. मी समजत होतो, जागा कमी म्हणून. जागा कमी नव्हती, पावणं डाव्या अंगाला यावेत म्हणून पाट तिथं होता. लग्न झाल्यावर का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पयल्यांदा भ्या वाटलं. मग दिवस गेलं. मग सांगायला काय तोंड राहिलं न्हाय."

तिच्यादेखतच मी लेकीला बंगळूरला फोन लावला. स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, तुझ्या आईला एका कानानं ऐकू येत नाही. मग लेक म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आत्ता कळलं?"

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. म्हणाली, "कुणी कशाला सांगायला पायजे? बारकी असताना उजवीकडनं हाक मारली की मम्मी यायची न्हाय, डावीकडनं मारली की यायची. मग मी डावीकडनंच मारायची. मला वाटलं सगळ्यांना म्हाईत हाय." मी फोन ठेवला. पाच-सहा वर्षांच्या पोरीला कळलं ते मला कळलं नाही, आणि मी काटे तपासायचा पगार घेतो.

(पुढच्या रविवारी मी त्या चिपचं एक सेटिंग बदललं. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून दोन्ही कानांना सगळंच द्यायचं, असं. म्हणजे जे वेगळेपण मिळावं म्हणून चिप आणली होती, तेच बंद केलं. बायकोनं त्या दिवशी पहिल्यांदा बाई आणि तबला एकत्र ऐकला आणि म्हणाली, अगं बाई, हे दोघं संगंच असत्यात व्हय. पण ते नंतरचं.)

त्या दुपारी मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि माझं डोकं मागं मागं जायला लागलं. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे मी तिच्या डाव्या अंगाला. सत्यनारायणाला मी जे जे कुजबुजलो ते तिला सगळं ऐकू आलं असणार, भटजी किती घाई करतोय ते, प्रसादात तूप कमी पडलंय ते. जेवायच्या टेबलावर ती भिंतीकडची खुर्ची कधी सोडत नाही, झोपताना बाजू कधी बदलत नाही. तिथंही ठीक. मग मला गाडी आठवली.

आमचं जुनं घर शिवाजी पेठेत. आई, आबा, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि आम्ही दोघं, सगळे तीन खोल्यांत. कानगोष्ट केली तरी पलीकडच्या खोलीतनं उत्तर यायचं. नवराबायकोनं बोलायचं कुठं? तर गाडीवर. महिन्या-दोन महिन्यातनं मुरगूडला, तिच्या माहेरी जायचो. कागल सोडलं की रस्ता मोकळा, दोन्ही बाजूला ऊस, आणि मी बोलायला सुरुवात करायचो. घरात साठलेलं सगळं तिथं निघायचं. साहेबाशी झालेली भांडणं, आबांच्या तब्येतीची काळजी, रात्री झोप का लागत नाही ते. माझ्या आयुष्यातलं जे जे मनापासून बोललो असेन ते त्या रस्त्यावर बोललोय.

आणि बायको गाडीवर कशी बसायची? साडी नेसून, एका अंगाला, पाय डावीकडं सोडून. म्हणजे तोंड डावीकडं, आणि माझ्या पाठीकडं तिचा उजवा कान.

मी तिला विचारलं, "गाडीवर मी बोलायचो ते?"

ती सुपातले दाणे चाळायला लागली.

"काहीच न्हाय?"

"भुंग्यागत आवाज यायचा," ती म्हणाली. "तुमचं डोकं हललं की कळायचं, बोलाय लागलासा. आवाज थांबला की म्हणायचं."

काय म्हणायची ते मला सांगायची गरज नव्हती. चालतंय की. आमच्याकडं हे उत्तर कशालाही लागू पडतं. जेवून जाताय का, चालतंय की. पावणं, चहा बिनसाखरेचा हाय, चालतंय की. पोरगं नापास झालं, चालतंय की, पुढच्या वर्षी पास हुईल. प्रश्न काय आहे ते कळलंच पाहिजे असं काही नसतं. मुरगूडच्या रस्त्यावर मी काहीही बोललो तरी मागनं हेच यायचं, आणि मी मित्रांना सांगायचो, बायको असावी तर अशी, कशालाच आडवं लावत नाही. एकदा आबांच्या आजारपणात, पार खचलो होतो तेव्हा, मी तिला म्हणालो होतो की तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. त्यावरही ती म्हणाली होती, चालतंय की. मला वाटलं, लाजली. तेवढ्या एका आठवणीवर मी कितीतरी वाईट दिवस काढले होते.

"पुन्हा विचारायचंस की, काय म्हणालासा म्हणून," मी म्हणालो.

"एकदा विचारलंतं. तुम्ही म्हणालासा, कान हाईत का न्हाईत? मग न्हाय विचारलं."

तिलाच माझी दया आली असावी, कारण तिनं मुठीभर दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खात बसलो, आणि खाता खाता विचारलं, "आणि गंगावेशीत? दूध?"

मुरगूडहून परत येताना मी गाडी नेहमी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं घ्यायचो. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. गाडी हळू करायची, मागं न बघता विचारायचं, "दूध पिऊया?" चालतंय की. मी मोठा ग्लास सांगायचो. ती डोळे मिटून एका दमात प्यायची. मी लोकांना कौतुकानं सांगायचो, आमची ही खेड्यातली, धारोष्ण दुधाची काय गोडी आहे तिला.

"कच्च्या दुधाचा वास मला सोसत न्हाय," बायको म्हणाली. "पोटात ढवळायचं. डोळं मिटून गिळावं लागायचं."

"मग पीत कशाला होतीस?"

"गाडी थांबली की समोर ग्लास. म्हटलं, ह्यांची इच्छा हाय, पिऊ."

आधी ती हसली, मग मी. एवढ्या वर्षांचं दूध, दरवेळी मोठा ग्लास. हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मीही डोळे पुसत होतो, आणि त्याच वेळी मला पुणं आठवलं. हसू जागच्या जागी थांबलं.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. पुण्याच्या एका कंपनीनं मला बोलावलं होतं. काम माझ्याच विषयातलं, राहायला जागा देणार होते. आबा म्हणाले, तुझं तू ठरव. मी आठवडाभर घुटमळत होतो. मग एकदा मुरगूडला जाताना, निढोरी यायच्या अलीकडं, मी गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं घेतली आणि तिला विचारलं. नुसतं बोललो नाही, विचारलं. तो प्रश्न मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण मी तो आदल्या दिवशी मनात घोकला होता. आणि मागनं उत्तर आलं, चालतंय की. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला 'नाही' म्हणून कळवलं. आजपर्यंत पुण्याचा विषय निघाला की मी चारचौघात छाती पुढं काढून सांगतो, हिला विचारून ठरवलं, आमच्यात बायकोला विचारल्याशिवाय पान हलत न्हाय. त्या वेळी ती दरवेळी उठून आत जायची. मला वाटायचं, कौतुक सहन होत नाही.

"पुण्याला जायचं न्हाय, हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

तिचं हसू ओसरलं. "जाऊबाईंनी सांगितलं. भाकरी थापताना. म्हणाल्या, तुम्ही काय जाणार न्हाय म्हणं पुण्याला, भाऊजींनी न्हाय म्हणून कळवलं."

"मी विचारलं होतं तुला."

"कवा?"

"गाडीवर. निढोरीच्या अलीकडं. तू चालतंय की म्हणालीस."

ती माझ्याकडं बघतच राहिली. इतका वेळ धक्के मला बसत होते. आता तिचा चेहरा असा झाला की मीच घाबरलो. ती म्हणाली, "खरंच विचारलं होतं तुम्ही?"

"आईशपथ."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग जे बोलली ते खाली बघून बोलली. "मला वाटलंतं, माझी गरजच वाटली न्हाय ह्या माणसाला. ते बी चाललं असतं, कुणाच्यात विचारत्यात बायकांना? पण तुम्ही पावण्यांत सांगायचासा, हिला विचारून ठरवलं म्हणून. मी समोर असताना सांगायचासा. तवा वाटायचं, केवढं खोटं, आणि किती सहज बोलतंय माणूस. सगळी म्हणत्यात देवमाणूस हाय. मी म्हणायची मनात, माझ्यापुढं खोटं बोलतोय, दुसऱ्यापुढं काय बोलत असंल."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

मी समजत होतो, आमचा संसार तिच्या होकारावर उभा आहे. तो होकार नव्हताच. आणि ती समजत होती, तिचा संसार एका खोटारड्या माणसाबरोबर चाललाय. तोही नव्हता. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच ताटापाशी, दोन निराळे संसार करत होतो आणि दोन्ही चुकीचे. असल्या गोष्टीला काय म्हणतात मला ठाऊक नाही.

"तुला जायचं होतं का?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई. पेठेतल्या त्या घरात आठ-धा माणसं एका वक्ताला बोलायची. कोण कुठनं काय म्हणतंय, कळायचं न्हाय. सगळी म्हणायची, ताठा. मी मान खाली घालून भाकरी थापत बसायची. वाटायचं, पुण्याला आपुन दोघंच असू. दोघांच्या घरात एक कान पुरतोय की."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिनं डोळे पुसले आणि अचानक खुर्ची वळवून ताठ बसली. "विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. तवा विचारलंतं तसंच. एक शब्द बदलू नका."

मी उठलो. तिच्या मागनं वळसा घालून डाव्या बाजूला गेलो, खाली गुडघ्यावर बसलो. तिनं मान थोडी कलती केली. इतक्या वर्षांत मी तिला असं ऐकताना कधी बघितलं नव्हतं.

"पुण्यासनं बोलावणं आलंय," मी म्हणालो. "माझं मन घेत न्हाय. आई-आबांना सोडून जाववत न्हाय. पण मी एकट्यानं ठरवायचं न्हाय म्हटलंय, तू म्हणशील तसं करू. राहूया का इथंच?"

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. आई-आबा जाऊन कितीतरी वर्षं झालीत, ती कंपनी आहे की नाही माहीत नाही, आणि मला निवृत्त व्हायला फार दिवस उरलेले नाहीत, हे सगळं आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी ती विचार करत होती, आणि मी खरोखर उत्तराची वाट बघत होतो.

"न्हाय," ती म्हणाली. "मला जायाचंय."

"चालतंय की," मी म्हणालो.